खुंटीवरचा पंचा

मला आधी गूळच वाटला.
संबोधीच्या नाकाखाली, पिवळट, चिकट,
उन्हात चमकणारा.
म्हणलं, काय खाऊन आलीस गं सकाळी सकाळी,
आणि पदरानं पुसायला गेले
तर लेकरू कळवळून मागं सरलं.
गूळ नव्हता. खपली निघाली,
खाली ओली लाल कातडी.

चार दिवसांत सात तोंडं तशीच.
कुणाची हनुवटी, कुणाच्या कानामागं,
अयानच्या तर दोन्ही गुडघ्यांवर फोड,
बोट लागलं की फुटायचे
आणि लस वाहील तिथं नवा फोड उठायचा.

आया दारात उभ्या राहून
एकमेकींच्या लेकरांकडं बघायच्या.
आंबे बाधले, म्हणाली एक.
आंबे? औंदा कैरीसुद्धा कुणी पाहिली नव्हती.
अयानची दादी राख लावून गेली.
ज्ञानदाची आई म्हणाली, बाई,
तुमच्या खिचडीतच काहीतरी असंल.
मी बोलले नाही. तीच खिचडी मी रोज खात होते.

मंगळवारी वाकळे सिस्टर आल्या स्कूटीवर,
जिंतूरपासून अंगभर फुफाटा घेऊन.
तोंडं बघितली, नखं बघितली,
मग टाकी, तांब्या, साबणाची वडी,
आणि खुंटीपाशी थांबल्या.

तो पंचा मीच टांगला होता.
आमच्याकडं टँकर तिसऱ्या दिवशी येतो,
तरी माझी लेकरं हात धुतल्याबिगर ताटाला शिवत नाहीत.
सुपरवायझर मॅडमनी रजिस्टरात ‘उत्तम’ लिहिलं होतं.
ओळीनं यायची, तोंड पुसायची,
एकामागं एक,
तेवीस लेकरं, एक पंचा.

कधी धुतला होता? सिस्टरांनी विचारलं.
आवाज चढवला नाही.
चढवला असता तर बरं झालं असतं.

मलम दिलं, गोळ्या दिल्या,
खपली कोमट पाण्यात भिजवून काढायला शिकवलं.
जाताना प्रत्येक आईला विचारलं,
लेकराची लघवी चहासारखी तर होत नाही ना?
होईल तर त्याच दिवशी आणा.
बाया तोंडाला पदर लावून हसल्या.
मीही.

तीन आठवडे झाले. फोडांच्या जागी
नुसते फिक्के ठसे उरले होते.
अयान डोळे सुजवून आला.
रडलास का रे?
नाही म्हणला.
मग मागच्या भिंतीकडं गेला
आणि मी त्याच्या मागोमाग गेले, का ते माहीत नाही.
मातीवर रंग बघितला.
कोरा चहा.

परभणीला अकरा दिवस.
त्याची अम्मी रोज रात्री फोनवर माप सांगायची,
आज एक गिलास झाली, आज दीड.
मिठाबिगरचा भात थुंकतो म्हणायची.
फोन ठेवला की मी कातर घ्यायची.
लग्नातल्या सुती साडीचे तेवीस तुकडे केले,
लेकरांना नाव कुठं वाचता येतं,
म्हणून दोऱ्यानं चित्रं काढली.
ज्ञानदाला मासा. संबोधीला पिंपळपान.
अयानला काय, फोनवर विचारलं
तर पलीकडून त्याचाच बारीक आवाज आला:
जेसीबी.
दोन रात्री गेल्या त्या जेसीबीत. चाकं अजून वाकडीच आहेत.

परत आला तो. मान बारीक झालेली.
तेवीस खिळ्यांमध्ये आपला खिळा बरोबर शोधला,
वाकड्या चाकावरून बोट फिरवलं, हसला.
मग हात धुतले
आणि दाराबाहेर उन्हात जाऊन
झटकत उभा राहिला, सुकेपर्यंत.

पूस की रे.
नको बाई.

आता आणखी चौघं त्याच्याबरोबर दारात उभी राहतात.
शनिवारी मी सगळे तुकडे पातेल्यात उकळते.
त्याचाही.
घडी न मोडलेला.